उसना ठोका

छिद्र बुजलें, पण हृदय चालेना, अशा संकटांत डॉ. वॉल्टन लिलेहाय १९५० नंतरच्या दशकांत सांपडले. अमेरिकेंतील मिनिआपोलिस येथें ते मुलांच्या हृदयांतील जन्मजात छिद्रें शिवीत. परंतु टांका विद्युद्वाहक तंतूंवर पडला, कीं ठोके मंदावत आणि मूल दगावे. बॉस्टनचे डॉ. पॉल झोल यांनीं १९५२ सालीं छातीवरून विजेचे धक्के देऊन हृदय चालविलें होतें. पण ते धक्के कोवळ्या जिवास फार वेळ सोसवत नसत.

जानेवारी १९५७ मध्यें लिलेहाय यांनीं बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूंतच बसविली. अत्यल्प वीज पुरली. तंतू सावरले, कीं तार अलगद ओढून काढावयाची! मात्र यंत्र भिंतींतील विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजीं शहराची वीज गेली आणि तो धोका उघडा पडला. तेव्हां रुग्णालयाचीं यंत्रें दुरुस्त करणारे अर्ल बाकेन यांनीं, गायनांत ठेका दाखविणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावरून, कांहीं आठवड्यांतच बॅटरीवर चालणारी चिमुकली पेटी घडविली.

आज बायपास शस्त्रक्रियेनंतरही गरजेप्रमाणें अशा तारा कांहीं दिवस ठेवतात. दुर्बल हृदयास मात्र नुसता ठोका पुरत नाहीं. केवळ उजव्या बाजूस चेतना दिली, तर डावी बाजू मागें पडते व रक्त कमी फेंकलें जातें. म्हणून वरच्या व खालच्या कप्प्यांचा क्रम राखणें, प्रसंगीं दोन्ही बाजूंस एकदम चेतना देणें, याकडे वैद्य लक्ष देतात. उसना ठोकाही तालांत पडावा लागतो.