यंत्र घरी आले, उस्ताद मागे राहिला

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. दारावर नाताळाचा तारा टांगण्यासाठी एक लोखंडी कंस आपल्याच हाताने करावा, असे माझ्या मनात आले. घरात विजेचे ड्रिल होते आणि पत्र्याचा एक तुकडाही पडलेला होता. पत्रा डाव्या हाताने धरला, उजव्या हाताने यंत्राचा घोडा दाबला. पाते पत्र्यातून पलीकडे निघता निघता त्याची धार कडेला अडकली आणि पात्याऐवजी पत्राच भिंगरीसारखा फिरला. तीन बोटांना पट्ट्या बांधून मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. विद्यार्थ्यांसमोर शिक्षकाने हात दाखवून अवलक्षण करावे, तसाच तो प्रकार झाला.

आमच्या गल्लीत एक वृद्ध फिटर राहतात. सारा जन्म त्यांनी कारखान्यात काढला. ते समाचारास आले, पण त्यांनी माझी बोटे पाहिली नाहीत, तो पत्रा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, यंत्र बाजारात विकत मिळतं. उस्ताद विकत मिळत नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. विजेची हत्यारे कारखान्यातून आपल्या घरात कशी आली आणि येताना त्यांनी काय मागे ठेवले, याचा इतिहास मी त्यानंतर वाचू लागलो. त्यातील थोडा भाग आज आपणांपुढे ठेवीत आहे.

छिद्र पाडण्याची कला फार पुरातन आहे. आपल्या सुताराचा दोरीने फिरणारा सामता अनेकांनी पाहिला असेल. कारागीर जेवढा जोर लावी तेवढाच सामता फिरे, आणि हात थांबला की हत्यारही थांबे. म्हणजे चूक झालीच, तर ती हाताच्या मापाची होई. एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले. कारखान्याच्या एका टोकाला एंजिन, छपराखाली लांबच लांब फिरता दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरलेले चामड्याचे पट्टे, अशी ती रचना होती. त्या काळी काम यंत्रापाशी न्यावे लागे. यंत्र कामापाशी येत नसे.

विजेच्या मोटारीने ही रचना पालटली. १८८९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्थर अर्नोट आणि विल्यम ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट घेतले. परंतु ते खडक आणि कोळसा फोडण्याच्या उपयोगाचे होते. हातात धरता येईल असे विजेचे ड्रिल जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झाले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० साली एक लहानसे दुकान काढले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. ही मूठ केवळ सोयीची नव्हती. बोट उचलले की वीज तुटते. सामत्याचा जो गुण वाफेच्या युगात हरवला होता, तोच या घोड्याच्या रूपाने अंशतः परत आला.

तरीही हे हत्यार कारखान्याचेच होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कारखान्यांतील कामगार ही ड्रिले घरच्या कामासाठी नेऊ लागले, हे कंपनीच्या ध्यानात आले. युद्ध संपताच, १९४६ साली, तिने खास घरगुती उपयोगाचे पाव इंची ड्रिल सतरा डॉलरांच्या आत बाजारात आणले. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच होय. ज्यांनी प्रथम ही यंत्रे घरी नेली ते कामगार होते. उस्तादाची शिकवण त्यांच्या हातांत मुरलेली होती. त्यांच्यामागून दुकानात जे गिऱ्हाईक आले, ते माझ्यासारखे होते.

“पुढच्यास ठेच, मागचा शहाणा” अशी म्हण आहे. कारखान्यात उमेदवार उस्तादाच्या मागून चालतो आणि उस्तादाची ठेच त्याला फुकट मिळते. घरी पुढे चालणारा कोणीच नसतो. म्हणून कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी झालेल्या चुका आपण घरोघर नव्याने करीत असतो.

हत्यारांचे अवयव नीट पाहिले, तर त्यांवर या ठेचा जणू लिहिलेल्या दिसतात. ड्रिलचे पाते ज्या जबड्यात पकडले जाते त्याला चक म्हणतात. जुने चक पान्याने आवळावे लागे. अमेरिकेतील आर्थर जेकब्स यांनी अशा चकावर आपली बोटे ठेचून घेतली आणि १९०२ साली दातेरी चावीने फिरणारे चक शोधून काढले, असे सांगतात. एका ठेचेतून निघालेला हा उपाय जगभर पसरला. पण त्याने एक नवी चूकही जन्माला घातली. चावी चकातच विसरायची आणि घोडा दाबायचा! ती चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. चावी काढल्यावाचून वीज नाही, हा नियम कारखान्यात उमेदवाराला पहिल्याच दिवशी ऐकावा लागतो.

दुसरी चूक वेगाची. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने धातू कोणत्या वेगाने कापावा याचे प्रयोग १८८० साली सुरू केले आणि सुमारे २६ वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांचे निष्कर्ष मांडले. त्या प्रयोगांत आठ लक्ष पौंडांहून अधिक धातूचा कीस झाला. इतक्या श्रमाने शोधलेला प्रश्न आपण घरी एका क्षणात सोडवतो, तो म्हणजे घोडा पूर्ण दाबून! वस्तुतः छिद्र जितके मोठे आणि धातू जितका कठीण, तितका वेग कमी हवा. स्टेनलेस स्टीलवर पाते वेगाने पण हलक्या दाबाने घासत राहिले, तर ती जागा अधिकच कठीण होते आणि पात्याची धार जाते. मग आपण पात्याला दोष देतो.

आता ग्राइंडरकडे वळू. शान लावण्याची कला आपल्या शिकलगारांना परकी नव्हती. कुरुंदाची पूड लाखेत मळून केलेली चाके आपल्या देशात फार पूर्वीपासून फिरत आली आहेत. युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हा शब्दही तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेला आहे. १८९१ साली एडवर्ड अचिसन यांनी माती आणि दगडी कोळशाचा कोक यांतून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा त्यांना चमकदार, अतिशय कठीण असे स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचे हे मिश्रण आहे, अशा समजुतीने त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. प्रत्यक्षात तो सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग निघाला. चूक नावात राहिली, वस्तू मात्र जगाच्या उपयोगी पडली. पुढे १९५४ मध्ये जर्मनीतील आकरमान आणि श्मिट यांच्या कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर आणला. ‘फ्लेक्स’ हे त्याचे नाव जर्मनीत इतके रूढ झाले की, कोणत्याही कंपनीच्या अशा ग्राइंडरला तेथे फ्लेक्सच म्हणतात.

येथे शाळामास्तराला शोभेल असे एक गणित मांडतो. ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटर व्यासाची आहे आणि ती मिनिटाला ११,००० फेरे घेते, असे समजा. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक होतो. अशा चकत्या सामान्यतः सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनविलेल्या असतात. आता काम लवकर उरकावे म्हणून कोणी त्याच यंत्राचे संरक्षक कवच काढून १८० मिलिमीटरची चकती बसविली, तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरांच्या पुढे जातो. चकती फुटली तर तिचे तुकडे त्याच वेगाने सुटतात. चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा शोभेसाठी नसतो. अंगणात बसून, कवच काढलेला ग्राइंडर चालविणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. प्रत्येक वेळी ते फिटर मला आठवतात.

वेल्डिंगचा इतिहास असाच आहे. विजेच्या ठिणगीने धातू सांधण्याची युक्ती निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० नंतरच्या दशकात रशियात सिद्ध केली. त्यांनी कार्बनची कांडी वापरली. १८८८ मध्ये स्लाव्यानोव यांनी धातूचीच कांडी घेतली, म्हणजे कांडीच वितळून सांधा भरू लागली. परंतु हवेच्या संसर्गाने तो सांधा ठिसूळ होई. स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कांडीला लेप दिला. लेप जळून जो धूर आणि मळी होते, ती वितळलेल्या धातूवर पांघरूण घालते. हा लेप ओलावा शोषतो. म्हणून आमच्या बेळगावच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या कांड्यांनी केलेला सांधा सच्छिद्र होतो. बाहेरून तो चांगला दिसतो, हीच त्यातील फसवणूक आहे.

घरच्या वेल्डिंगमधील आणखी तीन चुका सांगतो. काच न धरता ठिणगीकडे पाहिले, तर तत्काळ काही वाटत नाही. मध्यरात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना उठते. जस्ताचा मुलामा दिलेला नळ मुलामा न काढता सांधला, तर जस्ताचा धूर नाकातोंडात जातो आणि काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. पितळ ओतणाऱ्या इंग्रज कामगारांचा हा ताप एकोणिसाव्या शतकातच वैद्यांनी नोंदविला होता. आठवडाभरात शरीराला धुराची सवय होई, सुटीत ती मोडे आणि सोमवारी ताप पुन्हा येई. म्हणून त्याला ‘सोमवारचा ताप’ असेही म्हणत. तिसरी चूक फाटक करणाऱ्यांची. वितळलेला धातू निवताना आकसतो आणि चौकटीला ओढतो. आधी चारही कोपऱ्यांना टाके घालून, गुण्या लावून पाहिल्यावाचून एक बाजू सलग सांधली, तर ते फाटक जन्मभर बंद होत नाही.

ही ओढ केवळ फाटकांपुरती नाही. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध तडकले. सदोष सांधे, निवताना कोंडलेला ताण आणि पोलादाचा दर्जा ही कारणे पुढे आली. थंडीत पोलाद ठिसूळ होते, हे पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. रिव्हेटांच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबतो. सांधून अखंड केलेल्या जहाजात त्याला थांबायला जागाच उरत नाही. तेव्हा मोठमोठ्या उस्तादांनाही ठेच लागते; परंतु तेथे चौकशी होते, कारण सापडते आणि मागून येणारा शहाणा होतो.

कारखान्यातील हे शहाणपण पुढे कायद्यातही उतरले. फिरत्या यंत्रांना कुंपण घालावे, असा इंग्लंडचा कायदा १८४४ सालचा. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. पण कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. घरातील बाकावर अधिकारी येत नाही आणि येऊही नये. तेथे उपयोग होतो तो शिकवणीचा. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले. त्याचे आचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा होता की, यंत्रविद्या मुलांना त्यांच्या भाषेतून मिळाली पाहिजे. मला त्यांचे म्हणणे आज अधिकच पटते. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर जी पुस्तिका येते, ती बहुधा इंग्रजीत असते. ती न वाचताच आपण खोका फेकून देतो.

माझा कंस अखेर तयार झाला. ते फिटर स्वतः शेजारी बसले होते. त्यांनी प्रथम मला शेगडा आणायला लावला, ज्याला कारखान्यात व्हाइस म्हणतात. पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून त्यात आवळला. पोगराने खूण केली. हातमोजे काढायला लावले, कारण फिरत्या पात्यात मोजा अडकला तर हातही जातो. बाह्या वर करविल्या, डोळ्यांना चष्मा दिला. एवढे सारे झाल्यावर प्रत्यक्ष छिद्र पाडायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

मी त्यांना विचारले, “तुमचं आवडतं यंत्र कोणतं?” मला वाटले, ते लेथचे किंवा ग्राइंडरचे नाव घेतील. त्यांनी शेगड्यावर हात ठेवला. “हा,” ते म्हणाले, “याला वीज लागत नाही. पण हा काम धरून ठेवतो, म्हणून माझी दहाही बोटं शाबूत आहेत.”

श्रोतेहो, आपल्या गावात असे कोणी निवृत्त फिटर, टर्नर किंवा लोहार असतील. नवे यंत्र घरी आणाल त्या दिवशी त्यांना चहाला बोलवा.