शहर बससेवेची विश्वासार्हता : प्रश्न केवळ बसगाड्यांच्या संख्येचा नाही

वाराणसी : नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जाणारा मुन्शी घाट दशाश्वमेध घाटापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. शेजारीच अहिल्याबाई घाट असल्याने महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना हा परिसर परिचित आहे. मात्र कॅन्ट रेल्वे स्थानकाकडून येणारा रस्ता गोदौलिया चौकाच्या गर्दीत अडकतो आणि पुढील अरुंद गल्ल्यांत बस शिरू शकत नाही. त्यामुळे परतीची गाडी गाठायची असलेला यात्रेकरू बसची वाट पाहण्याऐवजी ई-रिक्षा किंवा ऑटो पसंत करतो.

बस नेमकी केव्हा येईल याची खात्री नसणे, ही अडचण केवळ वाराणसीची नाही. मुंबई व पुण्यासह देशातील बहुतेक शहरांत प्रवासी याच कारणाने बसपासून दुरावतात. ज्यांना दुचाकी वा रिक्षा परवडत नाही, त्यांच्या वाट्याला मात्र कामावरील उशिराची नोंद आणि बुडालेली मजुरी येते.

विश्वासार्हतेचे मोजमाप

तासाला एखाद-दुसरी फेरी असलेल्या मार्गावर छापील वेळापत्रक पाळले जाणे महत्त्वाचे असते. दर काही मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर प्रवासी वेळापत्रक पाहत नाही; तेथे दोन बसगाड्यांमधील अंतर समान राहणे हाच खरा निकष ठरतो.

दर १० मिनिटांनी नियमित बस येत असल्यास प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बसगाड्या आळीपाळीने ४ आणि १६ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी प्रतीक्षा ६.८ मिनिटांवर जाते. दोन गाड्या एकदम येऊन पुढील २० मिनिटे थांबा रिकामा राहिला, तर ती १० मिनिटे होते. फेऱ्यांची संख्या तिन्ही वेळा सारखीच असते. म्हणजेच आगाराच्या नोंदवहीत सर्व फेऱ्या पूर्ण दिसत असतानाही प्रवाशाची प्रतीक्षा दुप्पट झालेली असू शकते.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवास्तर निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून अधिक बस आणि ४ मिनिटांपर्यंतची सरासरी प्रतीक्षा हा सर्वोत्तम स्तर मानला जातो. चर्चा बहुधा पहिल्या आकड्याभोवती फिरते. प्रवाशाला जाणवतो तो दुसरा.

बसगाड्या एकापाठोपाठ का येतात?

या समस्येचे गणिती विवेचन गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स यांनी १९६४ मध्ये केले. एखादी बस सिग्नलवर थोडी रखडली की पुढील थांब्यावर अधिक प्रवासी जमतात. त्यांच्या चढ-उतारास अधिक वेळ लागतो आणि बस आणखी मागे पडते. तिच्या मागून येणाऱ्या बसला कमी प्रवासी मिळतात, म्हणून ती वेगाने पुढे येऊन पहिलीला गाठते. चालकाचा दोष नसतानाही लहानसा विलंब असा वाढत जातो.

यावरील उपाय ज्ञात आहेत. मार्गाच्या शेवटी पुरेसा थांबाकाळ ठेवल्यास आधीच्या फेरीचा विलंब पुढील फेरीत उतरत नाही. मधल्या ठरावीक थांब्यांवर पुढे गेलेली बस क्षणभर रोखता येते. नादुरुस्त गाडीच्या जागी तत्काळ पाठवण्यासाठी राखीव बस आणि चालक हाताशी असावे लागतात. पास किंवा मोबाइल तिकिटामुळे दारातील खोळंबा घटतो. जीपीएस आणि ॲपमुळे बस कोठे आहे हे कळते. परंतु त्या माहितीवर नियंत्रण कक्षाने निर्णय घेतला नाही, तर बसगाड्यांमधील अंतर सुधारत नाही.

मुंबई आणि पुण्याचा अनुभव

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. याच ‘बेस्ट’ने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले आणि भाडेतत्त्वावरील बसगाड्यांवर भर दिला. दरम्यान स्वमालकीचा ताफा घटत गेला. काही कंत्राटदारांनी मध्येच सेवा थांबवली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांच्या कामबंद आंदोलनाने वाहतूक विस्कळीत झाली. मे २०२५ मध्ये किमान भाडे १० रुपये झाले. भाडे कमी असले, तरी बस वेळेवर येण्यासाठी पुरेसा ताफा आणि स्थिर मनुष्यबळ लागते, हे या घडामोडींतून दिसून येते.

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी प्रकल्प सुरू झाला. स्वतंत्र मार्गिकेमुळे बस कोंडीतून सुटते. मात्र मार्गिका सलग नसेल आणि तीत खासगी वाहने शिरत असतील, तर लाभ उरत नाही. नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग पुढे काढून टाकण्यात आला.

मोबदला कशाचा?

भारतात भाडेतत्त्वावरील बससेवेचे पैसे प्रामुख्याने धावलेल्या किलोमीटरवर दिले जातात. लंडनमध्ये २००१ पासूनच्या करारांत तासाला पाच किंवा अधिक बस असलेल्या मार्गांवर ‘अतिरिक्त प्रतीक्षाकाळ’, म्हणजे नियोजित प्रतीक्षेपेक्षा प्रवाशाला प्रत्यक्षात किती अधिक थांबावे लागले, हे मोजून कंपनीला बक्षीस किंवा कपात लागू होते. त्यामुळे अंतर राखणे हा चालवणाऱ्याच्या हिताचा विषय बनतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेला मंजुरी दिली. १६९ शहरांत १० हजार विद्युत बस आणण्याच्या या योजनेचा अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये असून त्यातील २० हजार कोटी केंद्राचे आहेत. योजनेतील १० वर्षांचे साहाय्य लक्षात घेता, स्थानिक पातळीवरील करारांत नियमिततेची अट कशी घातली जाते, याला विशेष महत्त्व आहे.

वाराणसीपुढील कसोटी

वाराणसीत कॅन्ट ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजी झाली. हा मार्ग गर्दीवरून घाटांच्या तोंडाशी पोहोचवतो. तथापि सारनाथ, बाबतपूर विमानतळ आणि शहराच्या वाढत्या उपनगरांसाठी बसला पर्याय नाही. दाट जुन्या शहरात बस नेण्याचा अट्टहास न धरता, तिच्या सीमेवरील ठरावीक चौकांपर्यंत आखूड मार्गांवर नियमित फेऱ्या ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते. कोंडीतून जाणारा मार्ग जितका लांब, तितका विलंब साचण्यास अधिक वाव मिळतो.

नव्या बस दाखल झाल्याची घोषणा कोणत्याही शहरात होते. सेवेची खरी परीक्षा थांब्यावर होते. प्रत्येक मार्गावरील प्रत्यक्ष प्रतीक्षाकाळ दरमहा जाहीर करण्यास नवी यंत्रणा लागत नाही, कारण बसमधील जीपीएस ही माहिती रोजच नोंदवत असते.