अग्निपक्ष्याची संगीतमाला

नृत्यनाट्यासाठीं रचलेलें संगीत नृत्यावांचून ऐकावें काय, असा प्रश्न युरोपीय संगीताच्या चर्चेंत वारंवार उठतो. नर्तकांच्या पावलांना साथ देणें हेंच ज्याचें प्रयोजन, तें पावलें थांबल्यावर कशाच्या बळावर उभें राहणार? ईगोर स्ट्राविन्स्कीच्या 'अग्निपक्षी' या कृतीचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो.

द्यागिलेवनें आपल्या रशियन नृत्यमंडळीसाठीं हें संगीत रचण्यास लियादोव्ह या ज्येष्ठ रचनाकारास विचारलें होतें. अखेर तें काम रिम्स्की-कोर्साकोव्हच्या एका तरुण शिष्याकडे आलें. २५ जून १९१० रोजीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत पहिला प्रयोग झाला. नृत्ययोजना फोकिनची व पक्ष्याची भूमिका कार्साविनाची होती. त्या रात्रीनें अठ्ठावीस वर्षांच्या स्ट्राविन्स्कीस कीर्ति मिळवून दिली.

कथा रशियन लोककथांतून घेतलेली आहे. काश्चेई राक्षसाच्या मायावी बागेंत राजपुत्र इव्हान अग्निपक्ष्यास पकडतो, दया येऊन सोडून देतो, आणि त्याचें एक पीस मिळवितो. काश्चेईचा प्राण एका अंड्यांत लपविलेला असतो. तें फुटतांच राक्षस मरतो, बंदी राजकन्या मुक्त होतात व शिळा झालेले वीर जिवंत होतात. राक्षसाचा प्राण पिंजऱ्यांतील पोपटांत असल्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपणांस ही कथा परकी वाटूं नये.

आतां संगीताकडे वळूं. येथें स्ट्राविन्स्कीनें दोन जगें दोन प्रकारच्या स्वररचनेनें वेगळीं केलीं आहेत. मायावी जगाचे स्वर जवळजवळचे, निसटते व विश्रांतिस्थान न सांपडणारे आहेत. आरंभीं खर्जांतील तंतुवाद्यें दबक्या आवाजांत जी चाल वाजवितात, तिच्या मुळाशीं षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अस्वस्थ अंतर आहे. उलट माणसांचें संगीत सरळ, लोकगीतासारखें आहे. राजकन्यांच्या फेराची धून तर खरोखरीच लोकगीतांतून घेतलेली आहे व ती ओबो या सुषिर वाद्यावर प्रथम ऐकूं येते. त्यामुळें रंगमंच समोर नसतांहि कोण बोलत आहे हें कानांनींच समजतें.

या कृतीच्या तीन संगीतमाला झाल्या. १९११ ची पहिली माला काश्चेईच्या भयंकर नृत्यापाशींच संपते. त्या नृत्याचे ठोके सम चुकवून पडतात व श्रोता राक्षसाच्या दरबारांतच अडकून राहतो. १९१७ च्या क्रांतीनंतर स्ट्राविन्स्कीस मायदेशांतील उत्पन्न अंतरलें. तो स्वित्झर्लंडांत राहत होता. तेथेंच १९१९ मध्यें त्यानें दुसरी माला सिद्ध केली. मूळच्या प्रचंड वाद्यवृंदांतील तीन हार्पांच्या जागीं एकच ठेवला, लाकडी सुषिर वाद्यें निम्म्यावर आणलीं, आणि शेवटीं अंगाईगीत व मुक्तीचा प्रसंग जोडला. तिसरी माला १९४५ ची. तो अमेरिकेचा नागरिक झाला तें हेंच वर्ष. तींत अखेरचे दीर्घ स्वरसमूह त्यानें आंखूड व तुटक केले.

तिन्हींमध्यें १९१९ ची माला सर्वांत लोकप्रिय ठरली, आणि याचें कारण केवळ तिच्या लहान वाद्यवृंदांत नाहीं. बसूनवरील अंगाईनंतर तंतुवाद्यें क्षणभर कंप पावतात, आणि हॉर्नवर एक रशियन लोकधून हळूच उमटते. पुढें तिचा विस्तार मुळींच होत नाहीं; तीच धून पुनःपुन्हा येते, वाद्यें मात्र वाढत जातात. मग ती सात मात्रांच्या आवर्तनांत शिरते. आपल्या रूपकांतहि मात्रा सातच. परंतु येथें त्या सातांनीं धुनेस घाई व उत्सवाचें बळ येतें.

वाद्यें कमी केल्यानें मूळची झळाळी थोडी उणावली, व कथेचे कित्येक दुवे गळाले, हें खरेंच. परंतु जो झगडा स्वरांतच रचलेला होता, तो कात्रीनें तुटला नाहीं. नृत्यावांचून जगणारें संगीत तेंच, ज्यांत नाट्य आधींच स्वररूपानें वसत असतें. मायदेश दुरावलेल्या रचनाकारानें मालेचा शेवट मायदेशाच्या लोकधुनेनें व्हावा अशी योजना केली, म्हणून पहिल्या मालेंत बंदिवान राहिलेला श्रोता दुसरींत मुक्त होऊन घरीं जातो.