नीळ, कॉफी आणि रेडिओ

मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा देश आपल्या वर्तमानपत्रांत आला, तो बहुतेक वेळा खुनांच्या आकड्यांमुळे. २०१५ साली तिथे सहा हजार सहाशेहून अधिक खून झाले. लोकसंख्या जेमतेम साठ-पासष्ट लाख. म्हणजे दर लाख माणसांमागे शंभराहून जास्त खून, आणि तेही देशात युद्ध चालू नसताना. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी ग्वातेमालातून बसने सरहद्द ओलांडून या देशात गेलो, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत दोन जोड कपडे होते, एक लहानसा ट्रान्झिस्टर होता आणि डोक्यात ओळखीच्यांनी दिलेले सल्ले होते. सगळ्या सल्ल्यांचा अर्थ एकच : तिकडे कशाला?

पंधरा दिवस मी त्या देशात हिंडलो. कुणी लुटलं नाही, कुणी धमकावलं नाही. परत आल्यावर ‘उगाच बदनाम केलंय’ असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती बदनामी खोटी नव्हती, आणि आजची शांतता हीसुद्धा साधी गोष्ट नाही. एखाद्या देशाच्या नावाला भीती कशी चिकटते आणि ती निघते तेव्हा काय काय सोबत घेऊन जाते, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

देश अगदी लहान. क्षेत्रफळ एकवीस हजार चौरस किलोमीटर. आपले पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यात हा देश बसेल आणि वर थोडी जागा उरेल. प्रवास स्वस्त. अमेरिकेत शाळेच्या मुलांना ने-आण करून म्हाताऱ्या झालेल्या बसगाड्या इथे येतात, त्यांना भडक रंग चढतो, आत देवाच्या तसबिरी लागतात आणि त्या पुन्हा धावू लागतात. थांब्यावर पुपूसा मिळतो. मक्याच्या किंवा तांदळाच्या पिठात घेवड्याच्या दाण्यांचं वाटण किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली जाड भाकरी, सोबत कोबीचं आंबट लोणचं. पुपूसा हाताने मोडून खायचा. आपल्याला काटा-चमचा न देता कुणी जेवायला वाढलं की निम्मं परकेपण तिथेच जातं.

या देशाचा इतिहास समजून घ्यायला मी सुरुवात केली ती सुचितोतो या जुन्या गावातून. तिथे आजही निळीत कापड रंगवणारी छोटी दुकानं आहेत. हिरवा पाला पाण्यात कुजवायचा, ते पाणी घुसळायचं, तळाशी बसलेला गाळ वाळवायचा, की झाली नीळ. स्पॅनिश राजवटीत अठराव्या शतकात या भागाची श्रीमंती याच निळीवर उभी होती. हौदांच्या कामात मजूर इतके आजारी पडत, की मूळ रहिवाशांना तिथे जुंपू नये असे हुकूम स्पेनच्या राजाला काढावे लागले. ते फारसे कुणी पाळले नाहीत.

पुढे या निळीला जबर स्पर्धक मिळाला, तो आपल्या बंगालमधून. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगाल-बिहारची नीळ युरोपच्या बाजारात आली आणि मध्य अमेरिकेच्या निळीचं महत्त्व उतरत गेलं. १८५९चा बंगालमधला निळीचा उठाव आणि १९१७चं चंपारण आपण शाळेत शिकतो. त्याच पिकाचं दुसरं टोक मला सुचितोतोच्या रंगाऱ्याच्या हौदात दिसलं. १८९७ साली जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि दोन्हीकडचा धंदा बसला.

निळीची जागा घेतली कॉफीने. कॉफीला डोंगरउतार लागतात, आणि एल साल्वादोरच्या ज्वालामुखींचे उतार त्यासाठी उत्तम. अडचण एवढीच, की त्यातली पुष्कळ जमीन मूळ रहिवाशांच्या गावांच्या सामाईक मालकीची होती. १८८१ आणि १८८२ साली कायदे करून ही सामाईक मालकीच रद्द करण्यात आली. एका पिढीत गावकरी आपल्याच डोंगरावर मजूर झाले. अनेक मळ्यांत मजुरी पैशांत नव्हे, तर मळ्याच्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांत मिळे. देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ फक्त कॉफी, आणि कॉफी म्हणजे मूठभर घराणी. ‘चौदा घराणी’ हा शब्द तिथे आजही म्हणीसारखा वापरला जातो.

१९२९च्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, मजुरी घटली, काही मळ्यांत तोडणीच झाली नाही. २२ जानेवारी १९३२च्या रात्री पश्चिमेकडच्या हुआयुआ, नाहुइसाल्को, इसाल्को या गावांतले शेतमजूर कोयते घेऊन उठले. उठाव काही दिवसांत मोडला गेला. बंडखोरांच्या हातून मेलेल्यांची संख्या शंभराच्या आसपासही नव्हती. त्यानंतर जनरल मार्तीनेस यांच्या लष्करी सरकारने जे केलं, त्याला तिथे नुसतं ‘ला मातान्सा’ म्हणतात, म्हणजे ‘कत्तल’. काही आठवड्यांत किमान दहा हजार माणसं मारली गेली. काही इतिहासकार हा आकडा तीस हजारांपर्यंत नेतात. कम्युनिस्ट पुढारी फाराबुंदो मार्ती यांना गोळ्या घातल्या गेल्या, इसाल्कोचे मूळ रहिवाशांचे पुढारी फेलिसियानो आमा यांना गावात फाशी देण्यात आलं.

इसाल्कोला मी गेलो. गावामागे त्याच नावाचा ज्वालामुखी आहे. जवळजवळ दोन शतकं तो सतत धुमसत असे, खलाशी त्याला ‘पॅसिफिकचा दीपस्तंभ’ म्हणत. तो पाहता यावा म्हणून समोरच्या डोंगरावर सरकारने हॉटेल बांधलं, आणि हॉटेल तयार होईपर्यंत ज्वालामुखीच थंडावला. हा किस्सा गावकरी हसत हसत सांगतात. १९३२चं मात्र विचारलं की आवाज खाली येतो. चर्चच्या पडक्या भिंतींजवळ एक मोकळं मैदान आहे. त्याखाली त्या वेळची प्रेतं पुरली आहेत. कत्तलीनंतर मूळ रहिवासी वाटेल अशी वेशभूषा आणि नाहुआत ही आपली भाषा बहुतेकांनी टाकली. तसे कपडे अंगावर असणं हाच गुन्हा ठरत होता, तर आई मुलांना ती भाषा शिकवील कशी? आज ही भाषा मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. देशाला गप्प बसायची सवय लागली, ती तिथून.

ही सवय मोडली एका रेडिओ केंद्राने. राजधानी सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९७७ साली पदावर आले, तेव्हा ते शांत, पुस्तकी धर्मगुरू म्हणून ओळखले जात. त्यांच्या जवळच्या एका पाद्र्याचा त्याच वर्षी खून झाला आणि रोमेरो बदलले. दर रविवारी कॅथीड्रलमधलं त्यांचं प्रवचन चर्चचं रेडिओ केंद्र देशभर पोचवू लागलं. प्रवचनाच्या शेवटी ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची नावं वाचत. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती, ते लोकांना रविवारी रेडिओवर कळे. त्या वेळी रस्त्याने चालत गेलं तरी प्रवचनातला एकही शब्द चुकत नसे, कारण प्रत्येक घरात रेडिओ चालू असे, असं म्हातारी माणसं सांगतात. फेब्रुवारी १९८० मध्ये त्या केंद्रावर बॉम्ब टाकला गेला. २३ मार्चच्या प्रवचनात रोमेरोंनी थेट सैनिकांना हाक दिली, की तुम्ही मारता ती तुमचीच भावंडं आहेत, हा छळ थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात प्रार्थना चालू असताना त्यांना एका गोळीने मारलं. २०१८ साली पोपनी त्यांना संतपद दिलं.

त्यानंतर यादवी युद्ध उघडपणे पेटलं. एका बाजूला अमेरिकेच्या पैशांवर आणि प्रशिक्षणावर उभं असलेलं सैन्य, दुसऱ्या बाजूला १९३२च्या फाराबुंदो मार्तींचं नाव घेतलेली गनिमांची आघाडी. बारा वर्षांत पंचाहत्तर हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली नोंदवलं, की आलेल्या तक्रारींपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के सरकारी यंत्रणा आणि तिच्या पाठबळावरच्या टोळ्यांविरुद्ध होत्या.

ईशान्येकडचा मोरासान हा डोंगराळ प्रांत गनिमांचा बालेकिल्ला. तिथल्या पेर्कीन गावी माजी गनिमांनीच उभं केलेलं एक संग्रहालय आहे. दाखवायला आलेला मार्गदर्शकही त्यांच्यातलाच होता. बंदुका आणि छायाचित्रं भराभर मागे टाकून तो मला एका खोलीत घेऊन गेला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, टेबलावर मायक्रोफोन. हा ‘रेडिओ वेन्सेरेमोस’चा स्टुडिओ. जानेवारी १९८१ पासून युद्ध संपेपर्यंत हे गुप्त केंद्र डोंगरातून बोलत राहिलं. सैन्याला ते इतकं खुपत होतं, की १९८४ साली त्याचं प्रक्षेपक यंत्र हाती लागल्याच्या आनंदात कर्नल मोंतेरोसा ते स्वतःच हेलिकॉप्टरमधून घेऊन निघाले. यंत्र नकली होतं, आत स्फोटकं होती. त्या हेलिकॉप्टरचे अवशेष संग्रहालयाच्या आवारात पडून आहेत.

हे मोंतेरोसा कोण, हे कळायला पेर्कीनपासून काही किलोमीटरवरच्या एल मोसोते गावी जावं लागतं. ११ डिसेंबर १९८१ रोजी त्यांच्या आत्लाकात्ल बटालियनने हे गाव आणि पुढे आजूबाजूच्या वाड्या मारून टाकल्या. जवळजवळ एक हजार माणसं, त्यांतली निम्म्याच्या आसपास लहान मुलं. गावातून रुफिना आमाया नावाची एक बाई झुडपात लपून वाचली. तिची हकीकत प्रथम रेडिओ वेन्सेरेमोसवरून बाहेर आली. जानेवारी १९८२ मध्ये दोन अमेरिकन वृत्तपत्रांनी ती छापली. अमेरिकेच्या सरकारने सांगितलं, पुरावा नाही. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनी चर्चशेजारच्या एका खोलीची जमीन उकरली. १४३ सांगाडे निघाले. त्यांतले एकशे तीसहून अधिक मुलांचे, सरासरी वय सहा वर्षं.

आता त्या जागी फुलझाडं लावली आहेत आणि चर्चच्या भिंतीवर मुलांची नावं आणि वयं लिहिली आहेत. पाच वर्षं. आठ महिने. तीन दिवस. मी ती भिंत पूर्ण वाचू शकलो नाही.

जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. पण सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि पाचच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देऊन टाकली. त्याच सुमारास अमेरिकेने निर्वासितांच्या पोरांना परत पाठवायला सुरुवात केली. युद्धाला भिऊन लॉस एंजेलिसला पळालेल्या कुटुंबांची ही मुलं तिथल्या रस्त्यांवर टोळ्यांत शिरली होती. ‘मारा साल्वात्रूचा’ आणि ‘अठरावा रस्ता’ या दोन्ही टोळ्या जन्माला आल्या त्या लॉस एंजेलिसमध्ये. बंदुकांनी भरलेल्या, पोलीस नव्याने उभे राहत असलेल्या, काम नसलेल्या देशात त्या येऊन पडल्या आणि फोफावल्या. दुकानदाराला खंडणी, बसवाल्याला खंडणी, नाही दिली तर गोळी. २०१५चा तो आकडा असा तयार झाला होता.

मार्च २०२२ मध्ये एका शनिवार-रविवारच्या सुमारास टोळ्यांनी ८७ माणसं मारली आणि राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या सरकारने आणीबाणी पुकारली. तेव्हापासून ऐंशी हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. खुनांचं प्रमाण दर लाखामागे दोनच्या आसपास आलं, असं सरकारी आकडे सांगतात. सान साल्वादोरमधली पुपूसा विकणारी एक बाई मला म्हणाली, की वीस वर्षांत पहिल्यांदा तिची कमाई पूर्ण तिच्या घरी जाते आहे. तिच्या आनंदात खोट काढायचा मला अधिकार नाही. मी अपरात्री स्टँडवरून बिनधास्त चालत आलो, तो याच बंदोबस्ताच्या जोरावर.

पण मोरासानच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजी वेगळं बोलल्या. मला ‘मिहो’, म्हणजे बाळा, अशी हाक मारून त्यांनी आधी माझा देश, आई-वडील, लग्न सगळं विचारून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून हळूच सांगितलं, की नातवाला २०२२ मध्ये धरून नेलं. अंगावर गोंदण होतं, आईच्या नावाचं. तेव्हापासून भेट नाही, पत्र नाही. सरकारने स्वतःच हजारो जणांना निर्दोष म्हणून सोडलं आहे. तुरुंगात शेकडो मृत्यू झाल्याची नोंद मानवाधिकार संस्थांनी केली आहे. बस थांब्यावर शिरलेला सैनिक दिसताच आजी गप्प झाल्या, आणि उतरेपर्यंत बोलल्या नाहीत.

एल मोसोतेचा खटला २०१६ मध्ये पुन्हा उघडला होता. २०२० साली न्यायाधीश लष्कराची कागदपत्रं तपासायला गेले, तेव्हा सैन्याने त्यांना दारातच अडवलं. पुढच्या वर्षी वयाची अट लावून त्या न्यायाधीशांना निवृत्त केलं गेलं. १९९२चा शांतता करार हे नाटक होतं, असं बुकेले जाहीरपणे म्हणाले, आणि तेही एल मोसोतेत.

निळीच्या हौदांपासून आजच्या तुरुंगांपर्यंत या देशाला दर वेळी शांतता मिळाली, ती कुणाचा तरी आवाज बंद करून. आणि दबलेलं दर वेळी पिढी-दोन पिढ्यांनी अधिक भयंकर होऊन वर आलं. या वेळीही तसंच होईल, असं भाकीत मी करणार नाही. ती पुपूसावाली बाई निर्धास्त राहावी आणि त्या आजींच्या नातवाला निदान न्यायाधीशासमोर उभं तरी करावं, या दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वेळी व्हायला हव्यात, एवढंच मला वाटतं. कुणी विचारलं, की तिकडे जावं का, तर मी म्हणतो, जरूर जावं. फक्त जाताना एवढं लक्षात ठेवावं, की रस्ते सुरक्षित आहेत का हे आपल्याला सहज कळतं. माणसं मोकळेपणाने बोलतात का, हे कळायला मात्र त्यांच्या शेजारी बराच वेळ बसावं लागतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)