नव्ह-शापेल : भिंतीवरची नावे आणि हरवलेली पत्रे

लील शहर सोडून नैर्ऋत्येकडे वीस-पंचवीस किलोमीटर आले की जमीन अगदी सपाट होते. लाल विटांची घरे, बीट-बटाट्यांची शेते आणि शेतांच्या कडेने पाण्याने भरलेले चर. नव्ह-शापेल हे याच प्रदेशातले एक लहानसे गाव. येथे फार जुने काही शोधू नये. पहिल्या महायुद्धात हे गाव विटांच्या ढिगाऱ्यावर आले आणि १९२०च्या दशकात पुन्हा उभे राहिले. पूर्वेला ओबेरचा उंचवटा दिसतो. त्याला टेकडी म्हणणेही जिवावर येते, परंतु जर्मन सैन्य त्या उंचवट्यावर होते आणि आपले शिपाई खालच्या पाणथळ जमिनीत. थोडे खणले की पाणी लागे. म्हणून येथे खंदकाऐवजी पुष्कळदा मातीच्या पोत्यांची भिंतच उभारावी लागे.

येथे येण्याचे आमचे कारण खडकीचे होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मनांच्या हाती गेलेले हे गाव परत घेण्यासाठी ४७वी शीख पलटण आणि बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या पुढे गेल्या. सॅपर्सचे काम वस्तुतः पूल बांधण्याचे, सुरुंग लावण्याचे. त्या दिवशी मात्र ते बंदुकीला संगीन लावून घराघरांतून लढले. गाव हाती आले, पण पाठीमागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. या दोन कंपन्यांचा एकही इंग्रज अधिकारी धडधाकट परतला नाही. इतिहासाच्या पुस्तकांतून या दिवसाला क्वचितच परिच्छेदभर जागा मिळते.

प्रसिद्धी मिळाली ती पुढल्या लढाईला. १० मार्च १९१५च्या सकाळी पस्तीस मिनिटे तोफांचा भडिमार झाला आणि मीरत डिव्हिजनची गढवाल ब्रिगेड व इंग्रजांची आठवी डिव्हिजन यांनी गाव जिंकले. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे आधीच तयार केलेले होते. पुढे मात्र संदेशवहन तुटले, दारूगोळा अपुरा पडला आणि तीन दिवसांनी लढाई थांबली. हिंदी सैन्याचे सुमारे ४,२०० सैनिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. गढवाली रायफलमन गबरसिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गावाबाहेरच्या चौरस्त्यावर हर्बर्ट बेकर यांनी रचलेले स्मारक आहे. वर्तुळाकार आवार, पंधरा मीटरांच्या आसपास उंचीचा कमळशीर्षाचा स्तंभ, त्याच्या पायथ्याशी दोन वाघ. ईश्वर एकच आणि विजय त्याचाच, अशा आशयाची अक्षरे, त्यांत देवनागरीही. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे आहेत. ज्यांचा देह वा थडगे सापडले नाही, त्यांची ही नावे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उद्घाटन झाले तेव्हा मार्शल फॉश यांच्यासह रडयार्ड किपलिंगही उपस्थित होते. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ साली येथून जवळच असलेल्या लोसच्या लढाईत नाहीसा झाला होता.

किपलिंग यांचे नाव साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एका कारणाने थांबवते. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे. बहुतेक शिपाई निरक्षर, म्हणजे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले; सेन्सॉरने त्यातला निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून अहवालात घालायचा. आज उरले आहेत ते मुख्यतः हे उतारे. शिपायांनाही हे ठाऊक होते. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी सैन्य आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे, असे सांकेतिक शब्द ते वापरत. सेन्सॉर अधिकारी हॉवेल यांना तर शिपाई पत्रांतून कवितेकडे वळतात हेच अस्वस्थ मनाचे काळजी करण्यासारखे लक्षण वाटले! कवितेची एवढी गंभीर दखल आमच्या किती समीक्षकांनी घेतली असेल?

हेच उतारे किपलिंग यांच्या हाती पडले आणि त्यांतून १९१८ साली ‘द आइज ऑफ एशिया’ हे काल्पनिक पत्रांचे पुस्तक निघाले. त्यांचे शिपाई साम्राज्याला हवे तसे बोलतात. तथापि, याच युद्धावर चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ सालीच ‘सरस्वती’त आली होती. तिचा लहनासिंग साम्राज्यासाठी नव्हे, लहानपणी भेटलेल्या एका मुलीला दिलेल्या शब्दासाठी मरतो. मुल्कराज आनंद यांचा लालू ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’मध्ये मार्सेयच्या बंदरात उतरतो, तो पंजाबातल्या शेतकऱ्याचा मुलगा. खडकीचा सॅपर मात्र आमच्या वाचनातल्या कोणत्याही मराठी कथेत भेटलेला नाही.

भिंतीवर पलटणींच्या क्रमाने फिरत आम्ही सॅपर्सच्या नावांपाशी थांबलो. नावे रोमन लिपीत, गाव नाही, बापाचे नाव नाही. काही मोठ्याने वाचून पाहिली. ‘त’ की ‘ट’, ‘द’ की ‘ड’, हे प्रत्येक वेळी अंदाजाने ठरवावे लागत होते. एका नावाचे आम्ही दोघांनी दोन वेगळे उच्चार केले, आणि त्यांतला बरोबर कोणता हे सांगायला त्या आवारात कोणी नव्हते.