दोर मोजा, मग इतिहास लिहा

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम सुरू केलं की एक सापळा हमखास समोर येतो: आधी ओबडधोबड, मग सुधारित, मग आधुनिक अशी सरळ रेषा. ही रेषा कशी फसवते ते दाखवायला आज एक शीड घेऊ या.

स्पिनेकर म्हणजे वारा मागून किंवा बाजूने येत असताना नौकेच्या पुढे उभारायचं हलकं, फुगीर शीड. आज त्याचे दोन प्रकार दिसतात. सममित, म्हणजे दोन्ही कडा सारख्या. आणि असममित, म्हणजे पुढची कड लांब, मागची आखूड. असममित प्रकार 'नवा' मानला जातो. पण 1860 च्या दशकात इंग्लंडच्या शर्यतींत आलेलं पहिलं स्पिनेकरही सममित नव्हतंच! ते त्रिकोणी होतं, एका कोपऱ्याला दांडा लावून बाहेर धरलेलं. सममित रूप रुळलं ते 1920-30 च्या दशकांत. म्हणजे मधला टप्पा सममित, आणि 'आधुनिक' टप्पा पुन्हा असममित.

मग हे शीड परत का आलं? उत्तर कापडात नाही, दोरांत आहे.

मोठ्या नौकेवरचं सममित स्पिनेकर घ्या. शीड वर चढवणारा हॅलयार्ड 1. डोलकाठीला अडकवलेला पोल वर धरणारा दोर 1, खाली ओढणारा 1. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना प्रत्येकी एक शीट आणि एक गाय, म्हणजे 4. (शीट म्हणजे शीड नव्हे, दोरच. मीही सुरुवातीला गोंधळलो होतो.) एकूण 7 दोर, वर जड पोल. वारा एका बाजूने दुसऱ्या बाजूला घेताना कुणीतरी हलत्या डेकवर पुढे जाऊन तो पोल फिरवायचा.

आता पर्यटनाच्या नौकेवरचं असममित स्पिनेकर. हॅलयार्ड 1. पुढचा खालचा कोपरा नौकेच्या पुढच्या टोकाशी बांधणारी टॅकलाइन 1. ती फोरस्टेच्या पुढच्या कप्पीतून मागे कॉकपिटपर्यंत आणतात. मागच्या कोपऱ्याला शीट 2. त्या सगळ्या तारांच्या आणि कठड्याच्या बाहेरून मागच्या कप्प्यांकडे जातात. झाले 4 दोर, पोल नाही. बाजू बदलताना एक शीट सोडायची, दुसरी ओढायची. शीड लांबट कापडी पिशवीत गुंडाळता येत असेल, तर दोन माणसांत काम भागतं.

याची किंमतही आहे. वारा थेट मागून असेल तर हे शीड मुख्य शिडाच्या आडोशाला जातं आणि लुळं पडतं. मग नागमोडी जावं लागतं. त्यामुळे 'जास्त चांगलं' हा शब्द इथे चालत नाही.

आणि कारणही एक नाही. 1980 च्या दशकात सिडनीच्या 18 फुटी स्किफ नौकांवर हे शीड आलं ते वेगासाठी. नौका इतक्या पळायच्या की त्यांना जाणवणारा वारा पुढून येऊ लागायचा, आणि त्या वाऱ्यात सपाटसर असममित शीडच चालतं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आलेली 49अर नौका याच परंपरेतली. पर्यटकांनी मात्र ते घेतलं हात कमी म्हणून. शीड एकच, कारणं दोन.

संशोधक म्हणून इथे आपली खरी अडचण कळते. जुन्या फोटोत फुगलेलं शीड दिसतं, निकालाच्या यादीत नौकेचं आणि मालकाचं नाव दिसतं. पोल फिरवणारा माणूस सहसा दोन्हीकडे नसतो. पण दोरांचा आराखडा हाती लागला तर त्याचं काम मोजता येतं: कुठला दोर, कुणाच्या हातात, कधी.

तेव्हा तुमचा विषय हातमाग असो, छापखाना असो की मोट, 'कोणतं साधन प्रगत?' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी विचारा: हे चालवायला किती हात लागायचे, आणि ते हात कुणाचे होते? प्रबंधाचं एखादं प्रकरण तिथेच सापडू शकतं.