मोरा ते न्हावा-शेवा : मालवाहतूक आणि चालकाची विश्रांती

उरणच्या उत्तरेस, घारापुरी बेटासमोर वसलेले मोरा हे आज मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचचे उतरण्याचे ठिकाण म्हणून ओळखले जात असले, तरी एकोणिसाव्या शतकात ते उरणच्या मालाचे मुख्य बंदर होते. उरण परिसरातील मिठागरांचे मीठ आणि मोहाच्या फुलांपासून तेथील भट्ट्यांत गाळलेली दारू हा येथील प्रमुख माल. आणि मीठ व दारू या दोन्हींवर सरकारी कर असल्यामुळे बंदरातून बाहेर पडणाऱ्या मालावर, विशेषतः १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर, कडक देखरेख असे. मालाची मोजदाद इतकी काटेकोर असताना तो वाहणाऱ्या तांडेलाची आणि खलाशांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही. त्यांचे जीवन कष्टाचे व धोक्याचे होते; तरीही मचवा किंवा पडाव हाकारण्यासाठी भरती-ओहोटीची आणि वाऱ्याची वाट पाहावी लागे, शिवाय पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद राही. त्यामुळे सक्तीची का होईना, विश्रांती त्या व्यवसायातच अंतर्भूत होती.

२६ मे १९८९ रोजी उरण तालुक्यातच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या परिसराच्या मालवाहतुकीचे केंद्र मोऱ्याच्या धक्क्यावरून कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरकडे सरकले. हे ट्रेलर भरती-ओहोटीसाठी थांबत नाहीत आणि बंदरातून निघणारा रस्ता पावसाळ्यातही बंद होत नाही. समुद्र आपल्या नियमाने जी विश्रांती देत असे, ती आता कायद्याने द्यावी लागणार होती.

असा कायदा मुळात जुनाच होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू वाहनाच्या चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला चौपन्न तास काम अशी मर्यादा घातली होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ही मर्यादा आठ व अठ्ठेचाळीस तासांवर आणली आणि विश्रांतीगृह, उपाहारगृह व वैद्यकीय सोयींची तरतूद केली. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यानेही कामाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले. तथापि १९६१ चा कायदा मुख्यतः पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, तर देशातील ट्रक मोठ्या प्रमाणावर एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती राहिले. त्यात मोबदला फेऱ्यांवर ठरत असल्याने बंदराच्या दारात रांगेत गेलेला वेळ ना कामात धरला जाई, ना विश्रांतीत. तो भरून काढण्यासाठी चालक रात्र जागून काढी.

या जागरणाचे आणि तासन्‌तास गाडी चालवण्याचे परिणाम शरीरावर सावकाश उमटतात. बसण्याच्या जागेतून सतत पोहोचणाऱ्या कंपनामुळे पाठीचे मणके व कंबर दुखावतात. तासन्‌तास बैठक, अवेळी तेलकट जेवण आणि अपुरी झोप यांतून मधुमेह व उच्च रक्तदाब बळावतो. झोप हटवण्यासाठी घेतलेला तंबाखू पुढे कर्करोगाचे कारण ठरू शकतो.

मात्र सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचे लक्ष चालकाकडे वळले ते या आजारांमुळे नव्हे. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुढे ट्रकचालकांची गणना ‘सेतू गटात’, म्हणजे अधिक जोखमीच्या गटाकडून सर्वसाधारण लोकसंख्येकडे संसर्ग पोहोचवू शकणाऱ्या समूहात, होऊ लागली. महामार्गांवरील थांब्यांवर ‘खुशी’ नावाचे दवाखाने निघाले, त्यांनी उपयुक्त कामही केले. परंतु दवाखाना प्रथम चालकाच्या दारी आला तो त्याच्यापासून इतरांना असलेल्या धोक्यामुळे, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. २०१७ मध्ये चालकांसाठी सुरू झालेल्या ‘राही’ या नेत्रतपासणी कार्यक्रमातही चालकाच्या दृष्टीइतकाच रस्त्यावरील अपघातांचा विचार होता.

राष्ट्रीय परवान्याच्या, म्हणजे अनेक राज्यांत माल नेण्याची मुभा देणाऱ्या परवान्याच्या, नियमांचा प्रवास अधिक बोलका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा ट्रकवर किमान दोन चालक आणि मागे आडवे झोपता येईल असे आसन असावे, अशी अट होती. २०१८ मध्ये दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. उलट डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने पुढे नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य केले. केबिन थंड झाल्याने चालकाचा त्रास निश्चितच कमी होतो, पण त्याच केबिनमध्ये त्याची जागा घेणारा दुसरा माणूस असण्याची सक्ती उरलेली नाही.

मोऱ्याच्या बंदरात मालावरचा कर मोजणारी यंत्रणा दीडशे वर्षांपूर्वीच उभी होती. न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते. चालकाचे वाट पाहण्याचे, गाडी चालवण्याचे आणि झोपेचे तास जोवर तितक्याच काटेकोरपणे नोंदले जात नाहीत आणि त्या नोंदीनुसार मोबदला ठरत नाही, तोवर त्याच्या आरोग्यासाठी केलेले कायदे व दवाखाने अपुरेच ठरतील.